शिंपल्यांखालची जागा

चॅटहॅमजवळची वसाहत, कॅनडा
२ ऑक्टोबर १८५३

चि. इशम यास डॉर्कसताईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. मका घरात आला. आमोसभावजींनी घराला दुसरी खोली काढायला घेतली आहे, म्हणजे आता चार महिने मी अंगणातल्या ओंडक्यांवर ठेचा खात फिरणार. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं झाली. शाळेत मी तिसऱ्या पुस्तकापर्यंत आले. माझ्या बाकावर माझ्या निम्म्या वयाच्या पोरी बसतात आणि माझ्याकडे बघून फिदीफिदी हसतात. हसू देत. हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तुझ्या व्याख्यानाची जाहिरात मिळाली. त्यावर तुझं चित्र आहे. कोट काय, गळपट्टा काय! आमोसने विचारलं की हा तुझा भाऊ की कुठला राज्यपाल. आणि ते नाव, इशम मॉन्टगोमेरी, माझ्या तर तोंडातच मावत नाही. गुलामगिरीविरोधी मंडळाच्या गृहस्थांनी सुचवलं म्हणून घेतलं, असं तू मागे लिहिलं होतंस. अरे शहाण्या, एका गोऱ्याचं नाव टाकून पळालास ते दुसऱ्या गोऱ्यांनी दिलेलं घ्यायला? आमच्याकडे नवीन माणूस पळून आला की पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहतो आणि आपलं नाव आपल्या तोंडाने सांगतो, आडनावासकट, जे त्याला हवं ते. मग ते मोठ्या वहीत लिहिलं जातं. तू इकडे आलाच नाहीस, सरळ मॅसॅच्युसेट्स गाठलंस, म्हणून वहीत तू नाहीस.

एवढं गोड लिहून झालं. आता खरं काय ते लिहिते.

गेल्या आठवड्यात आमचे धर्मगुरू डेट्रॉइटहून आले. त्यांनी तुझं भाषण छापलेलं वर्तमानपत्र आणलं होतं. भावाचं भाषण बहिणीनेच वाचून दाखवावं, असा त्यांनी आग्रह धरला. चर्चच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली. मी वाचायला लागले. आईला विकली तो दिवस आला, फटके आले, बायका डोळे पुसायला लागल्या. आणि मग आलं ते गलबत. मेरीलँडमधल्या चॉपटँक नदीवरून खाडीच्या टोकाच्या चुनाभट्ट्यांकडे कालवांचे रिकामे शिंपले नेणारं गलबत. तळाशी खोट्या फळ्या. फळ्यांना पाडलेली हवेची भोकं. वर कमरेएवढे शिंपले, आणि त्यांची अशी घाण की माग काढणारी कुत्रीसुद्धा शिंकत परत फिरतात. मी वाचता वाचता थांबले. लोकांना वाटलं मला हुंदका आला. हुंदका नव्हता, इशम. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मेल्या, त्या फळ्यांखाली तू एकटा झोपलास काय? तुझ्या आधी आमोस आणि मी झोपलो. लेव्हिनकाकांनी आजवर अठरा माणसं तशी पार केली. जन्मापासून स्वतंत्र माणूस, स्वतःचं गलबत, घरात मिलीकाकूसारखी बायको. त्यांचं काय अडलं होतं आपल्याविना? आणि एकोणिसावी कोण होती, ऐक. तामार. आपली धाकटी. नाताळच्या आठवड्यात मालकीण गुलामांना नातलगांना भेटायचा परवाना देते, तो हातात घेऊन तामार दिवसाढवळ्या धक्क्यावर यायची आणि काका तिला घ्यायचे, असं ठरलं आहे. फिलाडेल्फियात कालवांची खानावळ चालवणारे आपले प्युरनेलसाहेब आहेत ना, त्यांनीच हे जुळवलं. तुला कळवलं नव्हतं, कारण तुझं तोंड मी लहानपणापासून ओळखते. उचलली जीभ लावली टाळ्याला!

तीनशे लोकांसमोर तू आपल्या बहिणीच्या वाटेवर दिवा लावून ठेवलास. टाळ्या किती पडल्या तेवढं मात्र कळव.

हे पत्र टपालाने नाही, धर्मगुरूंच्या हाती देते आहे. वाचून जाळ. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज माझ्याच्याने ते लिहवत नाही.

डॉर्कस


न्यू बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स
१७ ऑक्टोबर १८५३

ती. डॉर्कसताईस इशमचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सांगितल्याप्रमाणे जाळलं. काडी लावायचीही गरज नव्हती, ते आपसूक पेटलं असतं.

तामारचं मी तीनदा वाचलं, हे आधी लिहितो. पण तू मला एकट्याला उभं करून जोड्याने मारलंस, तेव्हा माझीही बाजू ऐकून घे.

ते भाषण झालं त्या गावात चपलाबूट करणाऱ्यांची वस्ती आहे. सभागृह भरलेलं होतं. मी अर्धा तास बोललो असेन, तेवढ्यात एक कातड्याचा व्यापारी उठला. त्याचं म्हणणं असं की हा माणूस वकिलासारखा बोलतो, हा गुलाम असूच शकत नाही, याला इथेच कुठेतरी शाळेत शिकवून आणला आहे. लोक हसले. आमच्या मंडळाचे अध्यक्ष माझ्या कानाशी लागले आणि सदरा काढ म्हणाले. मी काढला. ताई, मी दर गावात काढतो. बायका तोंड फिरवतात आणि मग बोटांच्या फटीतून बघतात. अध्यक्षांनी मागे एकदा मला असंही सुचवलं होतं की जरा अडखळत बोलत जा, शुद्ध बोललास की लोकांना खरं वाटत नाही. म्हणजे माझी अक्कल लपवायची आणि पाठ उघडी टाकायची!

पाठ बघूनही तो व्यापारी बधला नाही. असे वळ चोराच्याही पाठीवर असतात, असं तो म्हणाला. खरा गुलाम असशील तर मेरीलँडमधून सुटलास कसा ते सांग, म्हणाला. आता सभागृहात कुणी हसत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी सांगितलं. एक एक फळी सांगितली. तो व्यापारी खाली बसला. खरं बोलून खोटं ठरायचं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही ताई. तिथे तुझ्याभोवती सगळी पळून आलेलीच माणसं. तुझी कोण उलटतपासणी घेणार?

लेव्हिनकाकांचं नाव मी घेतलेलं नाही. आणि मेरीलँडचे मालक आमची वर्तमानपत्रं वाचत नाहीत, चुलीत घालतात. तू उगाच घाबरतेस. तिकडे इंग्लंडच्या राणीच्या राज्यात डुकरं पाळत बसणं सोपं आहे. इथे नव्या कायद्याने मला भर रस्त्यातून कुणीही उचलून परत नेऊ शकतो, तरी मी रोज उभा राहतो. तेही कुणीतरी करायला हवं की नको?

रागावली आहेस, रागाव. पण लोभ पार आटवू नकोस. तुझा धाकटा मीच आहे.

इशम


वसाहत
९ नोव्हेंबर १८५३

इशम,

नावाआधी चि. लिहायला हात होत नाही. आईला तू चिरंजीव व्हायला हवा होतास, म्हणून तिच्यासाठी मनातल्या मनात लिहिलं, असं समज.

प्युरनेलसाहेबांचं पत्र आलं. ते आमोसने वाचलं, मग मी वाचलं, मग मी गोठ्यात जाऊन बसले. चुलीत घालतात म्हणालास ना? धक्क्यावरच्या दुकानाच्या भिंतीला तुझं भाषण कातरून डकवलं आहे. शेजारी बक्षिसाची जाहिरात. लोखंडी सळया घेतलेले सहा जण दिवसभर तिथे बसतात आणि शिंपल्यांचं जे गलबत येईल त्यात सळया खुपसतात.

लेव्हिनकाकांच्या गलबतात सळई फळीवर टणकन वाजली. त्यांनी सगळे शिंपले नदीत उपसून टाकले आणि फळ्या उचकटल्या. आत कुणी नव्हतं. देवाची कृपा म्हणावी तर पुढे ऐक. एकाने वर्तमानपत्र हातात धरून मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्याने फळ्यांची भोकं मोजली. तू सभेत सांगितलंस सात. भरली सात. तेवढा पुरावा कोर्टाला पुरला. काकांना दहा वर्षं झाली. वय एकसष्ट. सुटून येतील तेव्हा एकाहत्तर, येतील तर.

भोकं किती होती ते सांगायची काय गरज होती रे? त्या कातडेवाल्याने मोजून मागितली होती का?

आणि तामार. तिला वाचता येत नाही. नाताळाशिवाय मालकीण तिला शेताबाहेर पाऊल टाकू देत नाही. तिच्यापर्यंत निरोप कसा न्यायचा ते प्युरनेलसाहेबांनाही सुचत नाही. म्हणजे ती ठरल्या दिवशी बोचकं घेऊन हसत हसत धक्क्यावर येणार, आणि तिथे सळयावाले बसलेले असणार. पळायच्या बेतात सापडलेल्या मुलीला हे लोक घरी परत नेत नाहीत. आईला नेलं तसं दक्षिणेला विकतात. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आईच्या गाडीमागे मी किती धावले ते मला माहीत आहे. तामारच्या गाडीमागे धावायला तिथे कोण आहे?

तुला उलटतपासणी चुकत नाही म्हणालास. मला एकच विचारायचं आहे. त्या व्यापाऱ्याने तुझ्यावर विश्वास ठेवला, त्याचं तू काय केलंस? जेवलास त्याच्यावर? पांघरलास?

मला पत्र लिहू नकोस. तामार आली तर मी लिहीन. नाही आली तर मला भाऊ नव्हताच.

डॉर्कस


ऑस्वेगो, न्यूयॉर्क
१२ डिसेंबर १८५३

ती. ताईस सा. न.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. न वाचता फाडलंस तरी चालेल, पण आधी आमोसभावजींना वाचू दे.

तुझं पत्र आलं त्या रात्री माझं जेवण झालं नाही आणि दुसऱ्या दिवशी व्याख्यान होतं. त्याच बूटवाल्यांच्या गावात, लोकांनी पुन्हा बोलावलं म्हणून. तो कातड्याचा व्यापारी या वेळी पहिल्या रांगेत बसला होता, मला ऐकायला. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मी गेल्या खेपेला खोटं बोललो. शिंपल्यांचं गलबत वगैरे काही नाही. एका खलाशाने गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट मी आपली म्हणून खपवली. मेरीलँडमधली माणसं खरी सुटतात ती डोंगरापलीकडच्या मोठ्या रस्त्याने, गवताच्या गाड्यांतून. मीही तसाच सुटलो. आणि येत्या नाताळात तीस जणांची टोळी त्याच रस्त्याने निघणार आहे, असंही मी ठोकून दिलं.

ताई, सभागृहात असा गदारोळ माजला की विचारू नकोस. व्यापारी बाकावर चढून टाळ्या पिटत होता. मी खोटा आहे म्हणणारा तो पहिल्यापासून खरा ठरला ना. खरं सांगितलं तेव्हा पाठ उघडी करूनही पटेना, आणि खोटं सांगितल्यावर एकानेही पुरावा मागितला नाही.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्राला मी स्वतःच्या सहीने कबुली लिहून पाठवली. गुलामांच्या बाजूचा वक्ता खोटारडा निघाला, ही बातमी त्यांना मेजवानीच! पहिल्या पानावर छापली. आता मेरीलँडभर मला कालवंवाला ठग म्हणतात. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही तेच उचललं. मंडळाने मला काढून टाकलं. अध्यक्षांनी अंगावरचा कोट उतरवून घेतला, तो मंडळाचा होता म्हणे. एवढी वर्षं सदरा काढत होतो, त्या दिवशी कोटही काढला. ज्या म्हाताऱ्या बाईंकडे मी राहत होतो, त्या काळ्याच, आपल्यातल्याच. त्यांनी माझी पेटी रस्त्यावर ठेवली. तुझ्यासारख्यामुळे आता खऱ्यालाही कुणी खरं मानणार नाही, एवढं बोलून त्यांनी दार लावलं. त्यांचं काय चुकलं? मला त्यांना खरं सांगता येईना.

कबुलीमुळे लेव्हिनकाका सुटतील असं मला वाटलं होतं. प्युरनेलसाहेबांकडून वकिलाला गाठलं. फळ्या सापडल्या, भोकं सापडली, आता कोण काय म्हणतो याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही, असा जबाब आला. काकांवर मी टाकलेली धोंड मला उचलता येत नाही. तामारवरची सरकली का, तेही इथे बसून कळत नाही.

मी इथे बंदरात पिंपं वाहतो. समोरच्या मोठ्या तलावापलीकडे कॅनडा आहे, हवा स्वच्छ असली की आगबोटी तिकडे जाताना दिसतात. लोभ मागत नाही. तामार आली तर एक ओळ लिही, बास.

इशम
(आडनाव आता नाही.)


वसाहत
१९ फेब्रुवारी १८५४

चि. इशम यास डॉर्कसताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तामार आली.

तू एकच ओळ मागितली होतीस, ती झाली. पण बाईसाहेबांना तुझ्याशी बोलायचं आहे. ती बोलते आहे, मी लिहिते आहे. जसं बोलेल तसंच उतरवीन. मध्ये शिव्या आल्या तर त्या तिच्या, माझ्या माथी मारू नकोस. माझ्या मी वेगळ्या राखून ठेवल्या आहेत.

इशमदादा, मी तामार. तू पळालास तेव्हा मी तुझ्या खांद्याला लागत होते, आता ताईपेक्षा उंच आहे. आधी मी आले कशी ते ऐक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन मी धक्क्यावर गेले. मला कशाचा म्हणजे कशाचा पत्ता नव्हता. काका दिसेनात. मिलीकाकू दिसली. शेजाऱ्याचं गलबत मागून आणून शिंपले भरत होती. माझ्याकडे न बघता तिने मला टोपली उचलायला लावली आणि शिंपले भरता भरता सगळं सांगितलं. काका कुठे आहेत ते सांगितलं. कुणामुळे, तेही सांगितलं. तुझं नाव मात्र तिने घेतलं नाही. मी परत जाते म्हणाले. काकूने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि दुकानाच्या भिंतीकडे बोट केलं.

तुझं जुनं भाषण फाडून तिथे तुझी कबुली डकवली होती. सहापैकी चार सळयावाले डोंगराकडच्या रस्त्यावर गवताच्या गाड्या उपसायला गेले होते. दोघे उरले होते ते शेकोटीपाशी बसून तुझी कबुली एकमेकांना वाचून दाखवत होते आणि पोट धरून हसत होते. काकूने फळ्या नव्याने ठोकल्या होत्या. भोकं मुद्दाम आठ पाडली होती. मी खाली शिरले. वर शिंपले पडायला लागले तेव्हा मला वाटलं पुरतात मला जिवंत. मग त्या दोघांतला एक गलबतावर आला. त्याचे बूट माझ्या तोंडावर करकरत होते. त्या कालवंवाल्या ठगाने आपल्याला महिनाभर या घाणीत हात घालायला लावले, असं तो दुसऱ्याला ओरडून म्हणाला. थुंकला आणि उतरला. सळई त्याच्या हातात होती, दादा. त्याने ती खुपसलीच नाही.

म्हणजे तू खरं बोललास म्हणून लेव्हिनकाका गेले, आणि खोटं बोललास म्हणून मी आले. तुझ्या गळ्यात पडू की तुझ्या कानाखाली काढू, हे मी सात आठवडे ठरवते आहे. समोर आलास की ठरेल. मिलीकाकू तिथे एकटी आहे. तू तिला पत्र लिहून माफी मागायचा विचार करशील, करू नकोस. ते पत्र तिला दुकानदाराकडूनच वाचून घ्यावं लागेल. आलं का डोक्यात आता तरी?

रविवारी मला चर्चमध्ये उभं केलं. नाव सांग म्हणाले. ताईने मला आठवडाभर नावं सुचवली होती, एकाहून एक गोड. मी सांगितलं तामार लेव्हिन. (हे तिने मला न विचारता सांगितलं. मी आमोसला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाली ही? डॉर्कस.) काका-काकूंना मूलबाळ नाही. दहा वर्षांनी ते तुरुंगाच्या दारातून बाहेर येतील तेव्हा त्यांना न्यायला त्यांच्या नावाची माणसं असायला हवीत, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. एकटी मी पुरणार नाही, असंही म्हणाले.

मग मी वहीत माझ्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवायला सांगितली. वही लिहिणारे आजोबा म्हणाले की अशी पद्धत नाही. मी वहीवर हात ठेवून उभी राहिले. धर्मगुरूंनी प्रार्थना सुरू केली, संपवली, तरी मी तिथेच. शेवटी आजोबांनी पुढचं नाव एक ओळ सोडून लिहिलं.

तुला लोक ठग म्हणतात ते मला ठाऊक आहे. मॉन्टगोमेरीला म्हणतात, म्हणू देत, तो मेला. काकांचं तू जे केलंस ते फिटणार नाही, मी फेडून घेणारही नाही. पण त्या कोऱ्या ओळीत लेव्हिन हे नाव घातलंस तर ते जन्मभर वागवावं लागेल, रोज कुणी हाक मारली की आठवेल. जमत असेल तर ये. बर्फ वितळलं की ऑस्वेगोहून पहिल्या आगबोटीने ये. चर्चमध्ये उभा राहा आणि आपल्या तोंडाने नाव सांग. इथे कुणी खूण मागत नाही. सदरा अंगात राहू दे.

तुझी बहीण,
तामार लेव्हिन

ता. क. आमोसने दुसरी खोली पुरी केली. रीतीप्रमाणे लिहिते, लोभ आहे. मध्यंतरी लिहिला नव्हता, एवढंच. डॉर्कस.